भट्टी उघडायची होती

वसंतातल्या भूकंपात आमची मातीची भांडी भाजायची भट्टी ढासळली, तेव्हा माझे यजमान सादाहारू म्हणाले, "आता पुरे. सत्तरी उलटली. पुन्हा रचायला जीव नाही."

त्यांचे मित्र तोकुजी भावजी ऐकायला तयार नव्हते. तीस वर्षं भट्टी पेटली की पाच-पाच दिवस आळीपाळीने लाकूड सारायला तेच यायचे. "चहाचे वाडगे सोडून तुला दुसरं येतं काय?" असं म्हणून त्यांनी ढिगाऱ्यावर बसकण मारली आणि एकेक वीट छिन्नीने साफ करायला घेतली. यजमान दोन दिवस खिडकीतून बघत राहिले. तिसऱ्या दिवशी तेही जाऊन बसले.

डिसेंबरात भट्टी पेटली. आत त्रेचाळीस वाडगे. पाचव्या दिवशी तोंड विटांनी बंद करून चिखलाने लिंपलं. निवू द्यायची आणि चार जानेवारीला उघडायची, असं ठरलं.

वर्षाच्या पहिल्या दिवशी दुपारी भावजी आले. मोचीचं, म्हणजे तांदळाच्या चिकट वड्यांचं सूप झालं, साके म्हणजे तांदळाची दारू, तीही झाली.

"वहिनी, एक वाडगा माझा. फुकट."

"तुम्ही चहा कधी पिता, भावजी?"

"साके पिईन त्यात. वाडग्याला काय कळतंय."

चार वाजत आले तरी उठेनात. शेवटी यजमान म्हणाले, "अरे, जा आता. आजच्या दिवशी तरी बायकोला तोंड दाखव." ते हसत गेले.

पंधरा मिनिटांत जमीन हलली.

आम्ही बाहेर आलो तर मागे भट्टीवर धुरळा उठला होता. यजमानांनी तिकडे पाहिलंही नाही, थेट समुद्राकडच्या उतारावर पळाले, मी त्यांच्या मागोमाग. भावजींच्या घराचं छप्पर जमिनीला टेकलं होतं. त्यांची बायको मित्सुए अंगणात अनवाणी उभी होती. वाळत घातलेले कपडे आणायला बाहेर आली म्हणून वाचली. आतून भावजींचा आवाज येत होता. पाय तुळईखाली अडकलेत म्हणाले.

त्सुनामीच्या लाटेचा भोंगा वाजायला लागला. यजमान तुळई हलवायला बघत होते, ती तसूभर सरकेना.

"सादाहारू, तिला वर घेऊन जा."

"गप्प पड रे."

"तिला ने म्हणतो ना."

मित्सुए जागची हलेना. तिला आम्ही दोघांनी दंडाला धरून ओढत टेकडीवर नेलं. पाणी खालच्या रस्त्यापर्यंत आलं आणि तिथूनच मागे फिरलं. घराला शिवलंही नाही. पण उजाडेपर्यंत कुणी आम्हाला खाली जाऊ दिलं नाही. सकाळी गेलो, तेव्हा आतून आवाज नव्हता.

फेब्रुवारीत यजमानांनी भट्टीचा ढिगारा उपसला. बेचाळीस वाडगे फुटले होते. एक अखंड निघाला, काळाभोर, एका अंगाला राख वितळून हिरवट ओघळ आलेला. इतका चांगला वाडगा त्यांच्या हातून कधी झाला नव्हता. तो घेऊन आम्ही शाळेत गेलो. मित्सुए तिथे घरं पडलेल्या इतरांबरोबर राहत होती.

यजमानांनी वाडगा तिच्यापुढे ठेवला. "त्याचा आहे."

तिने तो हातात घेतला नाही. "हा वाचला होय," म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "किनुए, यांना घरी ने. मला यांच्याशी बोलायला जमणार नाही. अजून तरी नाही."

येताना यजमान वाटेत थांबले. "जा म्हणालो मी त्याला."

"ते निघालेच होते हो," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दोघांनाही ठाऊक होतं, ते निघाले नव्हते.

त्यानंतर त्यांनी मातीला हात लावला नाही. मुलीने नागोयाला आपल्याकडे राहायला बोलावलं, तेव्हा "बरं" एवढंच म्हणाले. पावसाळ्याआधी ढिगारा उचलायला यंत्र आलं. चालवणारा तरुण भला होता. "आजोबा, चांगल्या विटा बाजूला काढू का?" त्याने विचारलं.

"नको. सगळं ने."

जेवणाच्या सुट्टीपर्यंत जागा सपाट झाली. यजमान दारात उभे होते. मी भात वाढून हाक मारली. भूक नाही म्हणाले आणि तिथेच उभे राहिले.