मैलांचा वाटा

आमच्या पाचूबंदरात मासळी पुरुष धरतात आणि पैसे बायका धरतात. यात कुणाला काही विशेष वाटत नाही. नवऱ्याने समुद्रावरून जे आणलं असेल ते माझ्यासमोर ओतायचं आणि झोपायला जायचं. पुढचं सगळं माझं. लिलाव माझा, बर्फ माझा, वसईच्या बाजारात टोपलीमागे बसणं माझं, गिऱ्हाइकाशी भांडण माझं. संध्याकाळी कमरेच्या पिशवीत जे उरेल तेही माझंच, म्हणजे घराचं, म्हणजे बोटीचं. असं म्हणजे-म्हणजे करत शेवटी लुईझाचं काय उरतं, हे मी तीस वर्षं कुणाला विचारलं नव्हतं. दोन हजार सहा साली विचारलं, आणि घरात आग लागली.

आधी ज्युलिएटचं सांगते, कारण सगळं तिच्यासाठी होतं. ज्युलिएट आमची एकुलती एक. कुवेतला नर्स होती. तिथे तिच्याच हॉस्पिटलातल्या एका मुलाशी तिने लग्न केलं आणि त्याच्याबरोबर त्याच्या गावी, मनिलाला गेली. मुलगा आमच्यासारखाच कॅथलिक. रविवारची मिस्सा चुकवत नाही, दारूला शिवत नाही. पाचूबंदरातल्या किती जावयांबद्दल असं बोलता येईल ते मी इथे सांगत बसत नाही. पण माझ्या नवऱ्याचं, इनासचं, एकच पालुपद. "आपल्यातला नाय." चार वर्षं त्याने पोरीचं नाव तोंडातून काढलं नाही. तिचा फोन आला की हा उठून बाहेर जाणार, आणि आम्ही दोघी, मी आणि माझी सासू सालोमी, त्या एवढ्याशा मोबाइलला एकेक कान लावून बसणार.

पहिलं बाळंतपण माहेरी करायची आमच्यात रीत आहे. ज्युलिएटचं मनिलाच्या हॉस्पिटलात झालं. तिला सासू नाही. आठ दिवसांची ओली बाळंतीण स्वतः उठून भात शिजवत होती, आणि मी इथे बाजारात बसून लोकांच्या लेकींसाठी मुशी निवडून देत होते. आमच्याकडे बाळंतिणीला दूध यावं म्हणून मुशीचं कालवण देतात. त्या दिवसांत मुशीला हात लावला की मला रडू यायचं आणि मग गिऱ्हाइकावर राग निघायचा.

तर अशा दिवसांत बँकेतल्या स्वप्ना मॅडमनी मला एक कार्ड दाखवलं. माझ्या नावाची मुदतठेव होती, तिच्यावर ते मिळत होतं. म्हणाल्या, "घ्या लुईझाबाई, प्रत्येक शंभर रुपयांच्या खरेदीवर विमानाचे मैल जमतात. पुरेसे जमले की तिकीट फुकट." मी विचारलं, हे विमान जातं कुठे? त्यांनी एक रंगीत पुस्तिका उघडली. बँकॉक होतं, सिंगापूर होतं, आणि त्याच रांगेत, त्याच मैलांत, मनिला होतं. मी त्यांना तीनदा विचारलं की मनिलाचंही फुकट का. तिसऱ्यांदा त्या हसल्या. मी तिथेच सही केली.

मग मी जे केलं त्याला लोकांनी वेड म्हटलं. बोटीचं डिझेल आम्ही रोखीने घ्यायचो, ते मी कार्डावर घ्यायला लागले. जाळ्याचं नायलॉन कार्डावर. इंजिनाची दुरुस्ती कार्डावर. तेवढ्याने भागेना, तेव्हा ग्रेसीचा फ्रीज माझ्या कार्डावर घेतला, तिच्याकडून रोख घेतली. मग मार्गारेटचा टीव्ही. मग धाकट्या दिराच्या, पास्कलच्या, मुलीच्या लग्नाच्या साड्या. कुणाच्या घरात काही मोठी खरेदी निघाली की मी हजर, माझं कार्ड घासा म्हणून. नायगावच्या नव्या इमारतींत मासळी घालायला जायची, तिथल्या एका बाईचा सोफासुद्धा मी सोडला नाही. दर शनिवारी बाजारातले पैसे बँकेत भरून यायची. व्याजाचा एक रुपया कधी लागू दिला नाही. मनिलाचं मात्र सासूशिवाय कुणाला बोलले नाही.

तीन वर्षं गेली. आणि त्या मे महिन्यात दोन गोष्टी एकदम झाल्या. ज्युलिएटचा फोन आला की दुसऱ्या बाळाची तारीख जुलैच्या शेवटाची आहे. आणि विमान कंपनीचं पत्र आलं की मैल दोन माणसांच्या तिकिटांना पुरतील एवढे झालेत, पण जूनमध्ये तिकीट काढलं नाही तर त्यातले बरेचसे बाद होतील. पत्र इंग्रजीत होतं. मी बाजारात होते, आणि आमच्या घरात इंग्रजी वाचणारा एकच माणूस, पास्कल. त्याने वाचलं आणि गावभर केलं.

जूनमध्ये बोटी वर ओढून झाकल्या की आमच्याकडे हंगामाचा हिशोब होतो. बोट इनास आणि पास्कलची, दोघा भावांची. खर्च जाऊन उरेल त्यात बोटीचा वाटा, जाळ्यांचा वाटा आणि खलाश्यांचे वाटे. बोटीवरचा तांडेल, म्हणजे खलाश्यांचा म्होरक्या, पांडू त्यांच्या वतीने बसतो. त्या रविवारी तिघं आमच्या ओटीवर बसले होते. पैशांचे वाटे झाले. मी चहा दिला. मग पास्कल म्हणाला, "आता मैलांचा वाटा काढा."

मला आधी वाटलं, चेष्टा करतोय.

"डिझेल कोनी जाळला?" तो म्हणाला. "बोटीनं. मंग मैल बोटीचे."

पांडू लगेच म्हणाला, "बोट काय एकटी जाते समुद्रात? खलाश्यांचा वाटा पायजे."

इनासने विचार केला. त्याचा न्याय गावात वाखाणला जातो. "बरोबर हाय," तो म्हणाला. "दोन तिकिटं हायत. एक मालकांचं, एक खलाश्यांचं. मालकांचं पास्कल घेईल, मना कुठं जायचं नाय. खलाश्यांचं पांडूला."

झालं. तीन वर्षं मी जमवलेले मैल त्यांनी दोन मिनिटांत बोंबलासारखे वाटून टाकले. पास्कलने जागाही ठरवली होती. बँकॉक. तिथे जाऊन काय करणार, असं पांडूने विचारलं, तर म्हणे फिरनार. पांडूकडे पासपोर्टच नव्हता. तो म्हणाला, काढू की.

"आनि माझा वाटा?" मी विचारलं.

तिघंही हसले. वाईट हसले नाहीत, हेच तर वाईट. लहान पोराने दाढी करायला मागावी तसे हसले. पास्कल म्हणाला, "वयनी, तुमचा वाटा घरात हायच ना. आता जरा फोन लावा. खातं तुमच्या नावावर हाय, तुम्हीच बोलायला लागतं म्हनतात."

मी आत गेले. मोबाइल घेतला, पुस्तिका घेतली. आत खाटेवर सालोमी बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी बाहेर येऊन ओटीवर मधोमध बसले आणि फोनचा स्पीकर लावला, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल. मला लपूनछपून काही करायचं नव्हतं. लपून करायचं असतं तर पास्कलने पत्र वाचायच्या आधी केलं असतं. तसं मी का केलं नाही? कारण चोरून पोरीकडे जावं लागावं, असं तिने काय पाप केलं होतं?

फोनवर मुलगी आली. आधी इंग्रजीत बोलली, मग माझं इंग्रजी ऐकून म्हणाली, मॅडम, मराठीतच बोला. तिने माझा खाते क्रमांक विचारला, जन्मतारीख विचारली, आईचं नाव विचारलं. मग म्हणाली, "कुठे जायचंय?"

"मनिला," मी म्हटलं.

"वयनी, चुकलात," पास्कल कुजबुजला. "बँकॉक सांगा, बँकॉक."

"चुकले नाय."

पांडूला काही कळलं नाही. इनासला कळलं. तो उठून उभा राहिला. "फोन ठेव, लुईझा."

"नाय ठेवनार."

"ठेव म्हनतो ना."

"डिझेल बोटीनं जाळला," मी म्हटलं, "पन ग्रेसीचा फ्रीज बोटीनं जाळला काय? मार्गारेटचा टीव्ही? तुझ्या पुतणीच्या साड्या? त्या बोटीची मासळी एक दिवस तरी माझ्याबिगर विकली गेलीय काय? तुमच्या हिशोबात बोटीला वाटा हाय, जाळ्याला वाटा हाय. जाळं बोलतसुद्धा नाय, तरी त्याला वाटा हाय. मना तीस वरसांत कधी दिला? आज मी घेते."

"मॅडम?" फोनमधली मुलगी म्हणाली. "ऐकताय ना?"

"ऐकते, बाय. बोल."

"प्रवाशांची नावं सांगा. पासपोर्टवर आहेत तशी."

पहिलं माझं सांगितलं. पासपोर्ट आमचे तिघांचे होते, माझा, इनासचा आणि सासूचा. ज्युलिएटने नोकरी लागल्यावर हौसेने काढायला लावले होते, कुवेत दाखवायचं म्हणून. त्यांच्यावर एक शिक्का पडला नव्हता.

"आणि दुसरं नाव?"

मी इनासकडे पाहिलं. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला तोच हवा होता. त्याने पोरीला जन्मल्या दिवशी आधी हातात घेतलं होतं, माझ्याही आधी. मी म्हटलं, "बोल. तुझं सांगू?" त्याने तोंड फिरवलं आणि दर्याकडे बघत राहिला. मुलीने दुसऱ्यांदा विचारलं. तो हलला नाही.

"माझं सांग," आतून आवाज आला. सालोमी दारात आली होती, एक हात चौकटीला.

"आये, तुझे गुडघे," इनास म्हणाला.

"गुडघ्यांनी उडायचं हाय काय?" म्हातारी म्हणाली. "नातीचं पहिलं पोर मी बघितलं नाय. दुसरं बघितल्याबिगर मरनार नाय. सांग गं माझं नाव."

मी सांगितलं. मुलीने शोधून पाहिलं आणि म्हणाली, फुकटच्या तिकिटांच्या दोनच जागा एकत्र आहेत, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, पण सिंगापूरला विमान बदलायला रात्रभर बसून राहावं लागेल, चालेल का? मी म्हटलं, बाय, मी लिलावासाठी ओल्या वाळूत रात्री काढल्यात, तुमच्याकडे खुर्च्या असतील ना? ती हसली. मग परतीची तारीख विचारली.

"सप्टेंबर," मी म्हटलं. "शेवटाला."

"वयनी, काय बोलता?" पास्कल आता खरंच घाबरला होता. "ऑगस्टात बोट उतरनार. मासळी कोन विकनार?"

"तुम्ही विका."

"आम्ही? बाजारात?"

"टोपली तिथंच असते. बसायचं आनि भाव सांगायचा. कोनी कमी मागितला तर भांडायचं. एवढंच तर करते मी, नाय काय?"

पांडू खाली मान घालून हसायला लागला. मग उठला, मला सलाम केला आणि म्हणाला, "जा लुईझाबाय. तसाही मना पासपोर्ट नव्हता." पास्कल त्याच्यामागून गेला, आणि संध्याकाळपर्यंत गावात झालं की इनासच्या बायकोने बोट लुटली.

इनास माझ्याशी पंधरा-वीस दिवस बोलला नाही. जेवायला वाढलं की जेवायचा. कागदपत्रं ज्युलिएटने तिकडून पाठवली, व्हिसा झाला, त्याने एका शब्दाने विचारलं नाही. गावातल्या बायका येऊन सांगून जायच्या की नवऱ्याचं मन मोडून गेलीस तर परत आल्यावर घरात घेणार नाही. मी म्हणायची, न घेईना. पण रात्री तो पाठ करून झोपला की मी त्याच्या अंगावर चादर ओढायची. माणूस वाईट नव्हता. एकदा बोलून बसला होता आणि आता त्याला परत फिरायला वाट सापडत नव्हती.

निघायच्या दिवशी सकाळी मी बॅग भरत होते. सुकवलेली मुशी घट्ट बांधून तळाशी घातली होती. म्हातारी नवी साडी नेसून पहाटेपासून तयार बसली होती. इनास दारात येऊन उभा राहिला.

"लुईझा," तो म्हणाला. "ज्युलिएटला सांग, बापानंच मना पाठवली म्हनून."

चार वर्षांनी त्या घरात त्याच्या तोंडून ते नाव आलं. सासूने डोळ्याला पदर लावला. हो म्हणणं किती सोपं होतं. ज्युलिएट ते ऐकून आनंदाने रडली असती, इनासची मान वर राहिली असती, आणि माझं काय गेलं असतं? फक्त तीन वर्षं. फक्त ते एक, जे आयुष्यात पहिल्यांदा माझं म्हणून मी कुणाकडून काढून घेतलं होतं.

"नाय सांगनार," मी म्हटलं. "तू पाठवलं नायस. मी चाललेय. तुना तिला काय सांगायचं असंल तर ये आनि तुझ्या तोंडानं सांग."

त्याने बॅगेकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, "माझं तिकीट कोन काढनार?"

मी बॅगेची चेन ओढली. "ऑगस्टापासून मासळी तू विकनार हायस," मी म्हटलं. "पैसे तुझ्याच कमरेला असतील."