उलटा सदरा

मुलांनो, एक काम करा. खोलीच्या अगदी मधोमध बसा, भिंतीपासून लांब. पाय पसरा, हात मांडीवर ठेवा आणि कशालाही टेकू नका. मी गोष्ट सांगतो, तुम्ही तसेच बसून ऐका. आधी काहीच वाटणार नाही. मग हळूहळू पाठ कुरकुर करायला लागेल. तिला कुणीतरी हवं असेल. भिंत चालेल, खांबही चालेल, पण माणूस असेल तर सगळ्यात बरं.

बाईला बाळ होणार असतं तेव्हा तिची पाठ असंच मागत असते, फक्त फार जोरानं. म्हणून आमच्याकडं तिच्या मागं एक बाई बसायची. नाळ कापणं वगैरे कामं सुईणीची, नाहीतर नर्सबाईची. ही नुसती मागं बसायची. बाळंतिणीला छातीशी टेकवून घ्यायची, कंबर चोळायची आणि तिला काहीतरी घट्ट धरावंसं वाटलं की स्वतःचा दंड पुढं करायची. कितीही वेळ लागो, जागचं उठायचं नाही.

मुरुडजवळच्या एका खेड्यात हे काम विठाबाई करायची. आता ते खेडं डोळ्यांपुढं आणा. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झालेला. शाळेच्या पाटीवरचं ‘उस्मानाबाद’ खोडून रंगाऱ्यानं ‘लातूर’ लिहिलं होतं, पण आधीचा रंग पक्का असल्यानं जुनं नाव खालून डोकावत राहायचं. नव्या जिल्ह्याबरोबर गावाला आरोग्य उपकेंद्र मिळालं, नर्सबाई मिळाली. पाऊस मात्र मिळाला नाही. विहिरींचे तळ दिसत होते. टँकर यायचा आणि माणसांपेक्षा घागरीच जास्त भांडतायत असं वाटायचं.

विठाबाईच्या घरात दोघीच होत्या. ती आणि तिची भाची सिंधु. सिंधु तिसरीत होती. तिचे आई-बाप दिवाळी झाल्यावर ऊसतोडीला गेले होते, थेट पंचगंगेकडं. पोरीची शाळा बुडू नये म्हणून तिला आत्याकडं ठेवलं होतं. आत्या वाईट नव्हती. वेळेवर भाकरी द्यायची, वेणी घट्ट घालायची. पण तिला स्वतःचं लेकरू नव्हतं, नवरा कधीच वारला होता, आणि कुणाला जवळ ओढून घ्यायची तिला घरात सवयच उरली नव्हती. गावातल्या सगळ्या लेकी-सुनांना ती छातीशी धरायची. घरी आली की अंग टाकायची आणि भिंतीकडं तोंड करून झोपायची. ती बाळंतपणाला गेली की सिंधु शेजारी जेवायची, शेजारीच निजायची, आणि सकाळी कुलपाकडं बघून शाळेत जायची.

त्या वर्षी नर्सबाईंनी एक नवीन गोष्ट काढली. त्यांचं नाव सुमनबाई. देगलूरकडच्या होत्या, बोलायला मोकळ्या. त्या म्हणाल्या, “विठाबाई, तुमच्यासारखी बाई मागं बसली की माझं निम्मं काम हलकं होतं. पण कपड्याचं बघा. शेतातून आल्या तशाच बसून राहिल्या तुम्ही. एका पातेल्यात उकळता येईल असं काहीतरी घाला. टाचणी नको, बांगड्या नकोत.”

“बांगड्यांचं बरं हाय,” विठाबाई म्हणाली. “ती सोय देवानं आधीच करून ठिवली.”

“आणि नऊवारी नको. ती उकळायला तळं लागेल.”

“तळं? सिस्टर, हितं गुळणीला पाणी न्हाई!”

दोघी हसल्या. पण विठाबाईनं ते मनावर घेतलं. कारण दुकानदार गुरुपादप्पांची लेक गौरम्मा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि आता कधीही बोलावणं येणार होतं. गौरम्मा बारीक चणीची, घाबरट. तिच्या आईनं, दानम्मानं, दोनदा येऊन सांगितलं होतं, “विठाक्का, पोरगी तुझ्याच भरवशावर हाय बघ.”

रविवारी दुपारी विठाबाईनं घरातलं होतं नव्हतं ते कापड खाली काढलं आणि सिंधुला हाक मारली.

“सिंधे, तू गौरम्मा हो.”

“मी?”

“मग काय शेळीला बसवू? ये, बस म्होरं. पाठ टेक.”

सिंधु जपून टेकली. आत्यानं नेहमीचं इरकली लुगडं नेसलेलं होतं. पोटापाशी खोचलेल्या निऱ्यांचा गठ्ठा सिंधुच्या पाठीत रुतला.

“आत्या, पोटाशी काय बांधलंस? उखळ?”

“ओचा हाय तो, टवळे. टोचतोय?”

“लई.”

“बरं झालं सांगितलंस. इतक्या बाया टेकल्या, एक बोलली न्हाई.” आत्या खरंच विचारात पडली. “त्यांना तवा कुठलं भान असतंय म्हणा.”

मग तिनं नायलॉनची पाचवारी नेसली. एका जावेनं दिलेली, निळी. तांब्याभर पाण्यात धुवून निघायची, आणि दोरीवर टाकेपर्यंत वाळायची.

“आता कळ आली म्हण.”

“कशी येती?”

“पोट दुखल्यावानी. ओरड.”

“अगं मायऽऽ!” सिंधु अशी ओरडली की अंगणातली कोंबडी कुडाबाहेर गेली.

“हळू! गाव गोळा हुईल बारशाचं जेवायला.”

पण ओरडताना सिंधु घसरली होती. निळ्या नायलॉनवरून तिची पाठ सरळ खाली आली आणि डोकं आत्याच्या मांडीवर आपटलं. हातात धरायला गेली तर पदरही सुळकन निसटला.

“ही घसरगुंडी हाय,” सिंधु म्हणाली.

“खरं हाय. गौरम्मा अशी घसरली तर भ्यायचीच.”

एक पांढरी सुती साडीही होती. ती आत्यानं घडी न मोडताच बाजूला ठेवली. “पांढरं नगं. मला असं बघितलं की बाळंतिणीला आधीच नको नको ते सुचतंय.”

शेवटी खुंटीवरचा सदरा राहिला. सिंधुच्या बापाचा, ग्यानोबाचा. जाड मांजरपाटाचा, लांब बाह्यांचा. कापूस वेचताना बाया लुगड्यावर घालतात तसला. आत्यानं जुन्या लुगड्याचा अर्धा तुकडा कमरेला साधा गुंडाळला, गाठ कडेला मारली आणि वरून सदरा चढवला. सिंधु टेकली आणि लगेच पुढं सरकली.

“गुंड्या टोचत्यात. एकेक मणक्यावर एकेक.”

“मग झालं. सपलं कापड.”

सिंधुनं सदऱ्याकडं जरा वेळ बघितलं. “आत्या, उलटा घाल की. गुंड्या मागं.”

“येडी का गं?” असं म्हणत म्हणतच आत्यानं सदरा काढला, उलटा घातला आणि पाठ सिंधुकडं केली. “लाव आता. माझा हात पोचत न्हाई.”

सिंधुनं गुंड्या लावल्या. मग दोघी पुन्हा बसल्या.

आणि मुलांनो, यावेळी काहीच टोचलं नाही. ओचा नव्हता, गुंड्या नव्हत्या, घसरणं नव्हतं. जाड, मऊ झालेलं कापड, त्यामागं आत्याची छाती, आणि दोन्ही बाजूंनी पुढं आलेले हात. सिंधुनं बाही मुठीत धरली. बाही निसटली नाही. आत्याचा श्वास वरखाली होत होता आणि त्याबरोबर सिंधुही वरखाली होत होती. दिवाळीपासून तिला असं कुणी धरलंच नव्हतं. तिनं डोळे मिटले.

“कसं हाय?” आत्यानं विचारलं.

सिंधुला उत्तर माहीत होतं. पण ‘चांगलं हाय’ म्हटलं की आत्या उठणार, सदरा घडी करून ठेवणार आणि चुलीकडं जाणार, हेही तिला माहीत होतं.

“टोचतंय,” ती म्हणाली.

“कुठं?”

“हितं.”

आत्यानं तिला तशीच धरून शिवण चाचपली. “आता?”

“अजून टोचतंय.”

आत्यानं कॉलर आत दुमडली. बैठक बदलली, तिला दुसऱ्या अंगावर घेतलं, पाठीवरून हात फिरवून बघितला. प्रत्येक वेळी विचारलं. प्रत्येक वेळी सिंधु म्हणाली, अजून. उन्हं कुडावर गेली. शेवटी आत्याच्या पायाला मुंग्या आल्या आणि तिनं सिंधुला हळूच दूर केलं.

“जाऊ दे. लेकराला टोचतंय म्हंजी तिला टोचणारच. नायलॉनच नेसते. घसरली तर वर ओढून घीन. धुवायला तरी सोपं.”

तिनं सदरा खुंटीला अडकवला आणि निळी साडी नेसली. सिंधुनं सदऱ्याची लोंबती बाही एकदा धरून सोडली.

तेवढ्यात दारात दानम्मा. पदर डोक्यावरून घसरलेला, चप्पल एकाच पायात.

“विठाक्का, चल बाई! कळा सुरू झाल्या. नर्सबाई आली हाय. पोरगी भिंतीला धरून हुबी हाय, कुणाला हात लावू दिना झालीय.”

“दुसरी चप्पल कुठं हाय तुझी?”

“जाऊ दे चप्पल!”

आत्यानं हात धुतले. जाता जाता म्हणाली, “सिंधे, भाकर झाकून ठिवलीय. शेजारी निज.” आणि दोघी गेल्या.

घर एकदम मोठं झालं. सिंधु होती तिथंच बसून राहिली. बाहेर कोंबडी परत आली, दाराशी थांबली आणि आत न येता वळली. सिंधुला गौरम्मा दिसायला लागली. बारीक गौरम्मा, निळ्या नायलॉनवरून खाली खाली जाणारी. धरायला गेली की पदर निसटतोय. ‘अगं माय’ म्हणतेय, आणि तिचं हे खेळातलं नाही.

सिंधुनं उठून खुंटीवरचा सदरा ओढला. अर्धं लुगडं त्यात गुंडाळलं आणि पळत सुटली. गुरुपादप्पांचं घर दुकानाच्या मागं होतं. दारात दानम्मानं तिला अडवलं.

“लेकरांनी यायचं नसतंय हितं. जा घरी.”

“आत्याऽऽ!” सिंधुनं बाहेरूनच हाक मारली. “सदरा टोचत न्हाई! मी खोटं बोलले. जरासुद्धा टोचत न्हाई!”

आतून कण्हण्याचा आवाज आला. मग सुमनबाईंचा, “जावा विठाबाई, लवकर. मी धरते हिला तोवर.” आत्या दाराशी आली. निळा पदर अर्धा सुटलेला होता. तिनं सिंधुकडं बघितलं, गाठोड्याकडं बघितलं. रागावली नाही. गाठोडं घेऊन दाराआड गेली आणि बदलून बाहेर आली.

“अगं बाई, उलटा सदरा!” दानम्मानं कपाळाला हात लावला. “गाव काय म्हणंल?”

“गाव बाळंत हुणार हाय का तुझं? सरक तिकडं.” आत्या सिंधुकडं पाठ करून गुडघ्यांवर बसली. “लाव माय, बिगीनं.”

एवढ्या जवळ आत्याची पाठ होती. सिंधुनं मानेजवळची गुंडी लावली, मग तिच्या खालची. एकही चुकली नाही. सगळ्या लावून झाल्यावर तिनं कापड दोन्ही हातांनी ताणून सरळ केलं.

मग हात काढून घेतले, आणि म्हणाली, “जा.”