उपाशी पेशींचा साक्षीदार

देवाने अँटिबॉडी घडवली ती भक्ताच्या वळणाची. हजारो प्रोटीनांच्या गर्दीत ती आपलं एकच शोधते, त्याचे पाय धरते आणि कितीही धुतलं तरी सोडत नाही. आमच्या वहिनीचं सगळं काम या भक्तीवर उभं होतं, आणि ते काम गुरुवारी हातचं जाणार अशी चिन्हं होती.

काम तसं सांगायला सोपं. यकृताच्या पेशी घ्यायच्या, अर्ध्यांना साखर पाजायची, अर्ध्या उपाशी ठेवायच्या. पेशीत शिरलेल्या साखरेला पहिला हात लावतं ते ग्लुकोकायनेज नावाचं एन्झाइम. ते कुठे किती आहे, हे त्याच्या अँटिबॉडीला विचारायचं. उत्तर पांढऱ्या पडद्यावर काळ्या पट्टीने मिळतं; पट्टी जाड, तर एन्झाइम जास्त. उपाशी पेशीत ते घटतं, असं वहिनीचं म्हणणं.

पण प्रत्येक नमुन्याच्या रकान्यात माप सारखंच ओतलं, हे कोणी सांगावं? कमी ओतलं तरी पट्टी बारीकच. त्यासाठी दुसरं एक प्रोटीन साक्षीला घेतात, काहीही झालं तरी न बदलणारं. वहिनीच्या उपाशी रकान्यांत या साक्षीदाराचीही पट्टी बारीक यायची. चार वेळा आली. प्रयोगशाळेच्या बाई म्हणाल्या, "उपाशी पेशींचा नमुना ओतताना तुझा हात आखडतो. गुरुवारी पुन्हा असंच आलं, तर हे काम मी दुसऱ्याला देईन."

मंगळवारी सकाळी वहिनी रिकाम्या कपात चमचा फिरवत बसली होती.

"अगं, चमचा झिजेल," मी म्हटलं.

"वन्सं, टोमणे नंतर मारा. माझा साक्षीदार फुटलाय."

मी कोर्टात कारकून. असं काही कानावर आलं की हात आपोआप पेन शोधतो. "नाव?"

"जीएपीडीएच."

"हे नाव आहे की गाडीचा नंबर? बरं, कामधंदा?"

"साखर मोडणं. सहाव्या पायरीवर."

"आणि ज्याची चौकशी चाललीय, तो?"

"पहिल्या पायरीवर."

"एकाच जिन्यावर?"

"हो, पण बाई वर्षानुवर्षं त्यालाच साक्षीला..."

"अगं बये, घरचं दाणापाणी तू बंद केलंस. थोरला भाऊ वाळला, आणि धाकट्याने गुटगुटीत राहून साक्ष द्यायची? आमच्याकडे वकील पहिल्यांदा हेच विचारतात, तू याचा कोण लागतोस?"

वहिनीने चमचा खाली ठेवला. मग उठली. "ह्यांना सांगा, आज डबा तुमचा तुम्ही भरा," म्हणत जिना उतरलीसुद्धा.

तिने नवा साक्षीदार घेतला ॲक्टिन. पेशीचा सांगाडा सांभाळणारं प्रोटीन, साखरेच्या घराशी सोयरीक नसलेलं. नमुने तेच, हात तोच. गुरुवारी ॲक्टिनच्या पट्ट्या सगळ्या रकान्यांत सारख्या, आणि ग्लुकोकायनेज उपाशी रकान्यांत पार रोडावलेलं. बाईंनी चष्मा पुसून दोनदा पाहिलं. "हात ठीक आहे तुझा," म्हणाल्या. "काम तुझ्याकडेच राहील."

संध्याकाळी वहिनी घरी आली ती हसू दाबतच. "वन्सं, बाईंनी विचारलंय, जुन्या निकालांचा फेरविचार होतो का? त्यांच्या तीन शोधनिबंधांत साक्षीदार तोच आहे."

"होतो की. पण अर्ज ज्याचा त्यालाच करावा लागतो."

"केलाय त्यांनी. सोमवारपासून जुने प्रयोग पुन्हा करायला माझ्या शेजारच्या स्टुलावर बसणार आहेत."