खांड

अमावास्येचं उधाण भर माध्यान्ही चढलं. पांढरंफटक ऊन खाडीवर कोसळत होतं, आणि दर्पजड, फेनधूसर पाणी बांधावर धडका देत होतं. यायचं, आपटायचं, फुटायचं, पुन्हा यायचं. काठावर तिसऱ्या, खाडीच्या चिखलातल्या शिंपल्या, तोंडं वासून मेल्या होत्या.

बांधाच्या आत हिराजी म्हात्रेचं भात, दूध भरलेलं, हिरवंगार, खाऱ्या पाण्याचा घोटही न सोसणारं. बांधावर चांगुणा, कुदळ घेऊन. तिसऱ्या वेचण्यात जन्म काढलेली ही कोळीण अख्खी वाडी मागे घेऊन आली होती.

“याच्या युरियानं माजी खाडी मारली!”

“आये, उद्यापत्तर थांब गो!” तिची लेक वैजयंती आडवी आली. मेलेल्या तिसऱ्यांचं मांस तिनंच प्रयोगशाळेत तपासायला दिलं होतं; निकाल उद्या यायचा होता. युरियातला नायट्रोजन हलका, माणसाच्या मैल्यातला जड. पाण्यात विरलेली घाण मांसात वजनानं उरते, यंत्र ती ओळखतं. किती वेळा सांगावं! पण त्या दुपारी कुणाला कान नव्हते.

कुदळ पडली. पुन्हा पडली. हिराजी धावत आला, बांधावर आडवा झाला; कुणाच्या तरी काठीनं त्याचं कपाळ फुटलं. काळा चिखल, तांबडं रक्त, पांढरं आभाळ. मग बांध खचला, आणि समुद्र गर्जत, फेसाळत, लोंब्या मोडत आत घुसला. सांगायला लाज वाटते, पण वाडीनं टाळ्या पिटल्या.

सकाळी निकाल आला. नायट्रोजन जड होता.

विहीर बाटू नये म्हणून वाडीनं नव्या संडासांचे पाइप खाडीत सोडले होते. तेव्हा चांगुणाच म्हणाली होती, “भरती सगला धुऊन नेल.”

पाणी पुन्हा चढू लागलं. बांधाला खांड पडली, भगदाड पडलं, की पाहणाऱ्यानं हाळी द्यायची, ऐकणाऱ्यानं वैर विसरून धावायचं, ही खाडीकाठची रीत. काल हाळी उठलीच नव्हती. पाहणारेच फोडणारे होते.

चांगुणा त्या खांडीत उतरली, छातीभर चिखलात, आणि ओरडली, “खांड परली रं! मीच फोरली! धावा!”

पहिला आला हिराजी, कपाळाला रक्ताळलेलं फडकं. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. चिखलाचा गोळा उचलून तिच्या हातांत आदळला. तिनं तो खांडीत रोवला.

पाणी आलं, गोळा गेला. त्यानं दुसरा आदळला. पाणी आलं, गोळा गेला. पाणी आलं, आणि मागून, एकेक करून, वाडीची पावलं आली.