सहासष्ट कोटींवर अडकलेला स्विच

मी एक जुना स्विच आहे. जुना म्हणजे अवघ्या चार वर्षांचा. आमच्या धंद्यात तेवढ्यातच म्हातारपण येते. मित्रांनो, भिंतीवरचे बटण डोळ्यांसमोर आणू नका. मी मोहरीच्या दाण्याहून लहान आहे. तुमच्या फोनला बोलायला आणि ऐकायला बहुतेक वेळा अँटेना एकच असते. कधी कुणाला वाट द्यायची हे सांभाळणारा रखवालदार म्हणजे आम्ही. रखवालदार पेंगला की बोलणे तुटते, म्हणून सारे जग आमच्यामागे ‘अजून जलद, अजून जलद’ असा धोशा लावून बसलेले असते.

माझा जन्म तैवानमधल्या शिंचूचा. तिथे वारा फार, आणि हवेतली ओल त्याहून जास्त. मला घडवले त्साई यून-जूने. सिलिकॉनच्या चकतीवर केसाहून बारीक अशी सोन्याची पट्टी, एका टोकाला धरलेली, दुसऱ्या टोकाला अधांतरी. वीज आली की ती खाली टेकते आणि वाट खुली होते. वीज गेली की उठते आणि वाट बंद. जलद हवी तर पट्टी ताठ करावी लागते. ताठ पट्टी जोरात आपटते आणि आपटता आपटता एक दिवस चिकटून बसते. या एका तिढ्यात यून-जूची नऊ वर्षे गेली. “माझा फोन तर नीट चालतोय, मग तू तिथे करतेस तरी काय?” असे तिची आई दर नववर्षाला विचारायची. माझी चारशे भावंडे माझ्याआधी कचऱ्यात गेली होती.

मी मात्र चिकटलो नाही. सेकंदाच्या दहा लाखाव्या हिश्श्याच्या आत मी वाट खुली केली, तेव्हा यंत्रे सांभाळणारे हुंगकाका ओरडले, “अगं पोरी, हा तर डोळा मिचकावायच्या आत परत येतोय!” वरच्या मजल्यावरचे लोक मला पाहायला आले. खोटे कशाला बोलू, मी फुगलो होतो.

मग विभागप्रमुख येनसाहेब आले. “जलद आहे, मान्य,” ते म्हणाले. “पण टिकतो का? शंभर कोटी वेळा उघडझाप करून दाखव. गुरुवारी रात्रीपर्यंत. नाहीतर विभाग बंद. वरून हुकूम आहे, माझ्यावर डोळे वटारू नकोस.”

माझ्यासारखा दुसरा घडवायला चार महिने लागले असते. म्हणजे सगळी मदार माझ्या एकट्यावर होती.

बुधवारी दुपारी चारला मला चाचणीच्या काचपेटीत ठेवले. पेटीत एका बारीक नळीने कोरडा वायू येत असे, कारण थोडीशी ओलही माझी पट्टी चिकटायला पुरते. यंत्राच्या माथ्यावर मक्याच्या खाऊचा हिरवा पुडा होता. आमच्याकडे तो प्रत्येक यंत्रावर असतो. त्या खाऊच्या नावाचाच अर्थ ‘शहाण्यासारखा वाग’ असा आहे. पुडा हिरवाच हवा, कारण यंत्राचा दिवा हिरवा राहायला हवा; आणि तो शिळा झाला की यंत्र रुसते. मोठमोठ्या पदव्यांची माणसे हे पाळतात आणि कुणी हसत नाही.

गुरुवारी सकाळी हुंगकाकांनी पुड्यावरची तारीख वाचली. “यून-जू, घात झाला! पुडा कालच शिळा झालाय!”

“काका, आकडा बघा की. सत्तावन्न कोटी! यंत्राला अजून पत्ता नाही लागलेला.”

“लागायच्या आत बदलतो!”

साठीचे काका जिने उतरून धावत गेले आणि ताजा पुडा घेऊन आले. तो पडू नये म्हणून त्यांनी तो काचपेटीच्या झाकणाला चिकटपट्टीने घट्ट बसवला. त्या चिकटपट्टीखाली ती बारीक नळी चिमटली गेली. मी पाहत होतो. वायू थांबला, झाकणाच्या फटीतून शिंचूची दमट हवा आत झिरपू लागली. मी माझ्या परीने आपटत राहिलो, उठत राहिलो. सहासष्ट कोटींवर मी खाली टेकलो तो उठलोच नाही.

यून-जूने पडद्यावर थांबलेला आकडा पाहिला. “चिकटला,” ती म्हणाली. “पट्टी जास्तच ताठ केली मी. माझंच गणित चुकलं.”

“मी पुडा वेळेवर बदलला होता गं,” काका रडवेले होऊन म्हणाले.

“हो काका. तुम्ही आणखी काय करणार?”

येनसाहेबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते गेले. काकांनी चिकटपट्टी सोडवली, नळी पुन्हा सरळ झाली. अन्न वाया घालवायचे नाही, म्हणून दोघांनी तो खाऊ तिथेच वाटून खाल्ला. यून-जूने अहवालात लिहिले, ‘दोष मूळ रचनेत.’ विभाग बंद झाला आणि तिची बदली पलीकडच्या इमारतीत झाली. तिथे ती दुसऱ्यांचे साधे स्विच तपासते. मला ओल शोषणाऱ्या कपाटात ठेवले आणि सगळे विसरले.

तिसऱ्या दिवशी माझ्यातली ओल वाळली आणि पट्टी आपोआप वर उठली. मी धडधाकट होतो. पण मला तार जोडलेली नव्हती आणि पाहायला कुणी नव्हते.

मित्रांनो, बंद पडलेल्या वस्तूवर आणि हरलेल्या माणसावर इतक्या घाईने शिक्का मारू नका. आणखी एकदा तपासून बघा. माझ्यापुरता आता उशीर झाला आहे. पुढच्या आठवड्यात हे कपाट रिकामे करणार आहेत. काल हुंगकाका इथे कुणाला तरी सांगत होते, की कुणी नवी रचना दाखवायला गेले तर यून-जू म्हणते, “मला नका विचारू, माझं गणित कच्चं आहे.”

तिचे गणित बरोबर होते. हे ठाऊक असलेला मी एकटाच आहे, आणि मला तोंड नाही.