धार नसलेला चाकू

मित्रांनो, नाव चाकूचं असलं तरी माझ्याने लोणीसुद्धा कापलं जाणार नाही. मी रबराचा आहे. साच्यातून निघालो तेव्हा काळा कुळकुळीत होतो. आता कुणाकुणाच्या तळहातांचा घाम पिऊन राखाडी झालो आहे. स्वसंरक्षण शिकवणाऱ्या एका वर्गात माझं आयुष्य गेलं.

तिथली रीत साधी होती. हल्ला करणाऱ्याने एक पाऊल पुढे टाकायचं, मला समोरच्याच्या पोटाजवळ न्यायचं आणि हात तसाच ताठ ठेवून थांबायचं. मग समोरच्याने मनगट पकडून पिरगळायचं. मी खाली पडायचो आणि टाळ्या व्हायच्या. कुणी थांबायला विसरलं, तर सर ओरडायचे, "अरे, त्याला पकडू तरी दे की!" मलाही वाटायचं, चाकूचं काम पडण्याचंच.

औषधांच्या दुकानाचे मालक, सगळ्यांचे औषधवाले काका, वर्गात सगळ्यांत हुशार. शेजारचं दुकान लुटलं गेल्यापासून ते येऊ लागले होते. गुडघे कुरकुरायचे, पण मनगट असं धरायचे की तरणीताठी मुलं कळवळायची. सरांनी त्यांचा तसा फोटोही काढला होता.

एकदा त्यांची मुलगी त्यांना न्यायला आली. थोडा वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "बाबा, मी येऊ?"

"ये की! बापाला मारायची हौस फिटू दे एकदाची."

तिने पर्समधली लिपस्टिक माझ्या कडेला फासली आणि ती चालून आली. थांबली नाही. मला पुढे नेलं, मागे ओढलं, पुन्हा पुढे नेलं. दुसऱ्या हाताने तिने त्यांचा हात झटकून टाकला. काकांची बोटं हवेत मनगट शोधत राहिली. पांढऱ्या शर्टावर पोटापासून गळ्यापर्यंत लाल रेघा उमटल्या.

"काका, घरी काकू विचारतील हो, लिपस्टिक कुणाची म्हणून!" कुणीतरी म्हणालं, आणि सगळा वर्ग खो-खो हसला.

मुलगी हसली नाही. "बाबा, खरा असता तर?"

"ताई, असं अंगावर धावून आल्यावर माणूस शिकणार कसा?" सर म्हणाले.

काकांचा चेहरा उतरला होता. शर्ट चोळत ते पुटपुटले, "तुला शिस्तच नाही."

"नसू दे. पण कुणी गल्ला मागितला तर देऊन टाका. माझी शपथ आहे."

"बघू."

काही महिन्यांनी, भर दुपारी, दुकानात एक माणूस शिरला. पुढचं मी वर्गातल्या बोलण्यातून ऐकलं. त्याने चाकू दाखवून गल्ला मागितला. मागचं दार उघडं होतं. तरी काका काउंटरमागून बाहेर आले आणि त्यांनी त्याच्या मनगटाला हात घातला. ते मनगट थांबलं नाही. काका तिथेच गेले.

दिवसकार्य आटोपल्यावर मुलगी वर्गात आली. तिचा आवाज चढला नाही. "पळून जा, असं एकदाही का नाही सांगितलंत त्यांना?"

"पळायला कोण क्लास लावतं, ताई?" सर म्हणाले. "तंत्र बरोबरच होतं. काकांचा अंगठा सुटला असणार."

काकांचा तो फोटो आता मोठा करून दाराशी लावला आहे. खाली लिहिलंय, 'आमचे शूर विद्यार्थी'. तो काढा, असं तिने सांगून पाहिलं. "अहो, मान आहे तो त्यांचा," सर म्हणाले. फोटो बघून नवे लोक येतात. माझं टोक झिजून गेलं, म्हणून मला खोक्यात टाकलं. माझ्या जागी चंदेरी, चकचकीत चाकू आले आहेत. तेही वेळ झाली की पडतात.

मित्रांनो, मला जपा असं मी सांगणार नाही. माझ्यात जपण्यासारखं काही नाही. पण तुमच्या घरातलं कुणी असले डाव शिकून छाती फुगवून आलं, तर टाळ्या वाजवू नका. रागावलं तर रागावू द्या, चारचौघांत मान खाली गेली तर जाऊ द्या. त्याला पळायला शिकवा. भित्रा माणूस संध्याकाळी घरी जेवायला येतो.