पोटी पेंढा, डोळी गुंडी

तिने गुरुजींचे बोट धरून पानाच्या खालच्या कोपऱ्यात टेकवले आणि म्हणाली, "इथे."

गुरुजींनी सही केली. तिने ते पान गठ्ठ्यावर पालथे ठेवले आणि पुढचे ओढले.

छापखान्याचा नियमच तसा होता. एका लेखकाने पुस्तक छापून झाल्यावर 'हे मी लिहिलेलंच नाही' असा कांगावा केला, तेव्हापासून मालकांनी कानाला खडा लावला होता. प्रत्येक पानावर लेखकाची सही, मगच यंत्र सुरू. गुरुजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, छापील अक्षर म्हणजे त्यांना नुसती मुंग्यांची रांग. म्हणून तिने, म्हणजे छापखान्यातल्या बाईंनी, मोठ्याने वाचायचे, गुरुजींनी ऐकायचे आणि बोट टेकवले की सही करायची, असे ठरले होते. अक्षरजुळणी आणि तपासणी दोन्ही बाईंच्याच गळ्यात असल्यामुळे हेही त्यांच्याच गळ्यात पडले. वाचता छान, असे गुरुजी सकाळपासून दोनदा म्हणाले होते.

पुस्तक गुराढोरांच्या म्हणींचे होते. वर म्हण, खाली अर्थ, त्याखाली ती कुठून आली त्याची हकीकत. छापून झाले की शाळाशाळांत जाणार होते. निवृत्तीनंतरची सात वर्षे गुरुजींनी त्यात घातली होती आणि माणसाने काम चोख केले होते, हे तिलाही मनातून मान्य करावे लागत होते. 'दुभत्या गाईच्या लाथा गोड' या म्हणीखाली त्यांनी स्वतः खाल्लेल्या लाथेची गोष्ट लिहिली होती. ती ऐकून मालक आतल्या खोलीत खो-खो हसले. ती हसली नाही. ती एकशे बाराव्या पानाची वाट पाहत होती.

आठ दिवसांपूर्वी गुरुजींच्या वहीतला तो मजकूर जुळवताना तिची बोटे जागच्या जागी थांबली होती. वहीत लिहिले होते: 'गवळणीचं पारडू, पोटी पेंढा, डोळी गुंडी. अर्थ: वरून खरे, आतून खोटे. उगम: अतिप्राचीन. एका लोभी गवळणीने दुधाच्या हव्यासापायी पारडू उपाशी मारले व त्याच्या कातड्यात पेंढा भरून म्हशीला फसवले.'

अतिप्राचीन! ती म्हण तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान होती. म्हणीची जन्मवेळ तिला ठाऊक होती, जागा ठाऊक होती आणि बापही ठाऊक होता. तो बाप दर पंधरा दिवसांनी कापडी पिशवीत वह्या घालून छापखान्यात येत होता आणि तिला ओळखत नव्हता.

आणि ती लोभी गवळण तिच्या घरी होती, अठ्ठ्याहत्तर वर्षांची. म्हण गावभर झाली तसे एकेका घराने दूध बंद केले. फसवून काढलेले दूध पोरांना कशाला पाजायचे, म्हणाले. वर्षाच्या आत म्हैस विकावी लागली आणि आई लोकांची भांडी घासू लागली. मागच्याच महिन्यात शेजारीण बाजारातल्या नकली साडीला ती म्हण लावून मोकळी झाली, तेव्हा आई सगळ्यांबरोबर हसली होती.

तिने डूख धरला, पण फणा काढला नाही. एकेक वाक्य घोटून तिने त्या म्हणीचा नवा उगम लिहिला, अगदी गुरुजींच्या थाटात, आणि जुन्याच्या जागी बसवला. गुरुजींचे पूर्ण नाव घातले. शाळा घातली, इयत्ता घातली. खाली सही त्यांचीच येणार होती. पायावर धोंडा पाडायचा तर तो त्यांच्याच हाताने पडू दे, असे तिने ठरवले होते.

"पान एकशे बारा," ती म्हणाली आणि म्हण वाचली. अर्थ वाचला. मग आवाज चढू न देता पुढचे वाचू लागली.

"'ही म्हण प्राचीन नाही. चौथीच्या वर्गात, एका सोमवारी, एका शिक्षकांनी ती केली.'" इथे तिने त्यांचे नाव आडनावासकट वाचले. "'एका मुलीच्या झग्याला दोन बटणे नव्हती. शिक्षकांनी कारण विचारले. मुलीने खरे ते सांगितले. म्हशीचे पारडू रोगाने गेले होते. म्हैस वैरणीला तोंड लावेना, पान्हा सोडेना, तिची कास दगडासारखी झाली. तेव्हा मुलीच्या आईने पारडाच्या कातड्यात पेंढा भरून ते म्हशीपुढे उभे केले. डोळे नसले तर ही लेकराला ओळखेल कशी, असे म्हणून तिने मुलीच्या झग्याची दोन बटणे डोळ्यांच्या जागी शिवली. म्हशीने ते चाटले आणि पान्हा सोडला. हे सांगताना मुलीला आईचा अभिमान वाटत होता. शिक्षक हसले. मग त्यांनी फळ्यावर एक ओळ लिहिली आणि ती वर्गाकडून तीनदा म्हणून घेतली.'"

ती थांबली. आतल्या खोलीतून मालकांचा आवाज आला नाही.

आता गुरुजी विचारतील, हे माझ्या वहीत आहे का? उत्तर तिने तयार ठेवले होते: तुमच्याच अक्षरात आहे, मी फक्त जुळवलं. आठ दिवस ती हे एवढेच वाक्य म्हणून पाहत होती.

गुरुजींनी गुडघ्यांमधली काठी टेबलाला टेकवून ठेवली. ती घसरली, खाली पडली. त्यांनी ती उचलली नाही.

"बटणांचा रंग घातला नाहीस तू," ते म्हणाले.

सकाळपासून त्यांच्या तोंडी 'बाई' होते, 'तुम्ही' होते.

"निळी होती," गुरुजी म्हणाले. "त्या जागी टाचण्या लावून आली होतीस."

एवढी वर्षे तिने एकच गोष्ट धरून ठेवली होती, की बोलणारा बोलून विसरतो. आठवत असते तर हा माणूस असे लिहिताच ना. आता कळले, की आठवत असूनही लिहिले. तिचा राग निवला नाही, उलट कानशिले तापली.

"मग वहीत लोभी गवळण कुठून आली?"

"नवा होतो मी. वर्ग ऐकत नव्हता. त्या दिवशी पहिल्यांदा सगळी पोरं माझ्या बाजूनं हसली." त्यांनी डोळे मिटून घेतले. उघडे असूनही त्यांना फारसे दिसत नव्हतेच. "पुढं ती म्हण जो तो बोलायला लागला आणि मला बरं वाटत राहिलं. खूप दिवस बरं वाटत राहिलं. दूध बंद झाल्याचं कळलं, तेव्हा म्हण माझी राहिली नव्हती. प्राचीन लिहिलं की ती कुणाचीच नसते."

तिने पान त्यांच्यासमोर सरळ केले.

"आई आहे?" गुरुजींनी विचारले.

"आहे."

"वाचता येतं?"

"नाही. मी वाचून दाखवीन. मोठ्यानं."

गुरुजींनी मान हलवली. "रंग घाल आधी," ते म्हणाले.

तिने लाल पेन घेतले आणि 'दोन बटणे'च्या मध्ये खूण करून समासात 'निळी' लिहिले. गुरुजींनी सवयीने बोट पुढे केले, तिने धरावे म्हणून. बोट बराच वेळ टेबलावर अधांतरी राहिले. तिने ते धरले नाही. मग त्यांनी स्वतःच पानाची कड चाचपली, कोपरा शोधला, आणि सही केली. सही तिरकी गेली, शेवटच्या दोन ओळींवरून. वाचता मात्र येत होती.

तिने पान गठ्ठ्यावर ठेवले. म्हशींचे प्रकरण तिथे संपत होते, पुढे बैलांचे होते. ती पहिली म्हण वाचू लागली.

"'बैल गेला नि झोपा केला.'" ती क्षणभर थांबली. "अर्थ वाचू?"

"नको," गुरुजी म्हणाले. "सही कुठं करू, तेवढं सांग."